उजव्या हातातला ग्लोव्ह

बेसबॉल शिकायला आलेली नवी मुलगी नेमकी डावखुरी निघाली. चेंडू डाव्या हाताने फेकायचा, म्हणून तिला ग्लोव्ह उजव्या हातात हवा होता आणि शाळेच्या पेटीतले सगळे डाव्या हाताचे. उलट्या ग्लोव्हमधून प्रत्येक चेंडू निसटायचा, पोरं फिदीफिदी हसायची.

शेवटी सरांनी स्वतःच्या पिशवीतून उजव्या हाताचा एक जुना चामडी ग्लोव्ह काढला. लेक वारल्यापासून दर रविवारी ते त्याला तेल लावायचे, पण आपला हात आत घालायचं मात्र टाळायचे.

मुलीने हात घातला आणि ती थबकली. "सर, यात आधीच कुणाच्या तरी बोटांचे खळगे पडलेत."

"हो. खेळायला लागलीस की तुझ्या बोटांचे पडतील."

मग मागे सरकत त्यांनी चेंडू टाकला, टाकता येईल तितका हळू.