स्टँडचा निकाल

परीक्षकानं स्टँड टेबलावर ठेवला, टेबल दोनदा हलवून पाहिलं आणि वहीत लिहिलं: बूड जड, घसरत नाही. पंधरा वर्षं तो मासिकासाठी असल्या वस्तूंचे निकाल लिहीत होता. त्याच्या शब्दावर लोक डोळे झाकून खरेदी करत, आणि ही गोष्ट घरात चारदा सांगितल्याशिवाय त्याला घास उतरत नसे.

स्टँड खिशातल्या म्युझिक प्लेअरसाठी होता. प्लेअर त्यात उभा खोचला की तो वाजतो, चार्ज होतो, आणि मागची वायर कॉम्प्युटरला जोडली की आतलं सगळं तिकडे उतरवून घेता येतं. त्यात बसेल असा प्लेअर घरात एकच होता, बायकोचा. त्याला पडदा नव्हता, नुसतं एक बटण.

त्यात गाणी नव्हती. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं, तेव्हा तिनं लेकीसाठी तीन दुपारी दार लावून, त्यातच बोलून तो भरला होता. "ठके, ऊठ, किती लोळशील." "ठके, खरं सांग, दात घासलेस?" शेवटी एक गोष्ट, मध्येच हसू फुटलेली. लेक रोज शाळेतून आली की इअरफोन घालून, आईच्या मांडीवर डोकं टेकून ते ऐकायची. त्याची कॉपी करायचं तो दोन महिने उद्यावर ढकलत होता. आज स्टँडच्या निमित्तानं तेही उरकणार होता.

प्लेअर देताना बायकोनं पाटीवर लिहिलं, 'जपून.'

"अगं, मला सांगतेस?" तो म्हणाला. "आयुष्य गेलं माझं यात."

प्लेअर चपखल बसला. हिरवा दिवा लागला. वायर जोडताच कॉम्प्युटरनं विचारलं: हा प्लेअर अनोळखी आहे. रिकामा करून नव्यानं जोडायचा?

तपासायला आलेली वस्तू आधी रिकामी करायची, मग पुढचं, हा त्याचाच नियम. ऑफिसात नव्या माणसांकडून तो घोकून घ्यायचा. प्रश्न पुरता वाचायच्या आत बोटानं 'हो' दाबलं होतं.

चार सेकंद लागले. सवयीनं त्यानं तेही टिपलं: वेग उत्तम. मग पेन हातातच राहिलं.

तासभर त्यानं जंग जंग पछाडलं. शेवटी ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. "यातलं एकदा पुसलं की गेलंच रे," मेकॅनिक म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची भयंकर किळस आली.

शाळा सुटायची वेळ झाली तशी बायको आत आली. तिनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. स्टँडला कान लावला. मग पाटीवर लिहून त्याच्यासमोर धरली, 'स्टँड बिघडलाय का?'

पंधरा वर्षांत त्यानं कुठल्याही वस्तूवर खोटा आळ घेतला नव्हता.

"हो," तो म्हणाला. "स्टँडच खराब निघाला."

तिचा जीव भांड्यात पडला. तिनं प्लेअर उपसून काढला, बाहीला पुसला आणि पाटीवर लिहिलं, 'परत पाठव त्यांना. माझा नीट आहे ना, मग झालं.'

जिन्यात दप्तर आपटल्याचा आवाज आला. इअरफोनचा गुंता सोडवत ती दार उघडायला गेली.