प्रोसेनसेफॅलॉन दाखव

ऐक हं, मधे बोलू नकोस. तोंडी परीक्षा चालू आहे. टेबलावर ट्रेमध्ये अख्खा मेंदू, फॉर्मलिननं डोळे चुरचुरतायत, आणि समोर उभी पेन्सिल. हडकुळी म्हणून सगळे तिला पेन्सिलच म्हणतात. गेल्या वेळी याच विषयात उडालेली. यंदाही उडालीस तर सामान बांधून घरी ये, असं आईनं बजावलेलं.

टेबलापलीकडे दोघं. एक बाहेरून आलेले परीक्षक. दुसरे तिचे रोजचे सर, टकलामुळे पोरांत त्यांचं नाव कवटी. हे दोघं कधीकाळी एकाच वर्गात होते आणि तेव्हापासून त्यांच्यात विस्तव जात नाही. सकाळपासून बाहेरचे एकेका पोराला सोलत होते आणि बघत होते कवटीकडे.

"प्रोसेनसेफॅलॉन दाखव."

पेन्सिलनं ट्रेमध्ये दोन्ही हात घातले आणि जवळजवळ सगळा मेंदूच ओंजळीत धरला. बाहेर उरलं ते खालचं देठ आणि मागचा छोटा मेंदू.

"फोरब्रेन विचारलंय, बाई. पुढचा. तू तर सगळाच उचललास. घरी नेतेस का?"

"सर, पोटातल्या बाळाच्या मेंदूला आधी तीन फुगे येतात. त्यातला पुढचा हा. तोच वाढत वाढत बाकीच्यांवर पसरतो. म्हणून कपाळामागचा भाग याच्यातला, आणि पार मागचा, ज्यानं आपल्याला दिसतं, तोही याच्यातलाच."

"कुठल्या गाढवानं शिकवलं हे?"

तिनं कवटीकडे पाहिलं. शब्दन् शब्द त्यांचा होता. फळ्यावर तीन फुगे त्यांनीच काढले होते, ती पहिल्या बाकावर होती. कवटींनी पाण्याचा ग्लास उचलला.

"माझ्याकडे नाही शिकली. ही वर्गात बसतच नाही."

बाहेरचे खुर्चीत आरामात मागे रेलले.

"उत्तर बरोबर आहे, प्राध्यापकसाहेब. गाढवाचा मान तुमचा होता, तुम्हीच सोडलात." मग पेन्सिलकडे वळले, आवाज एकदम साखरेत घोळलेला. "आता तू सांग, बाळ. वर्गात न बसणाऱ्याला मी पास करत नाही. आणि पोरांवर खोटा आळ घेणाऱ्याला या खुर्चीत टिकू देत नाही. बसायचीस का वर्गात?"

आणि तिचा लेखी पेपर अजून तपासायचा होता. तपासणार कोण, तर कवटीच.

पेन्सिलच्या हातात तो मेंदू तसाच, कोपरांवरून पाणी ओघळतंय. कवटी तिच्याकडे बघत होते, निकाल बघायला आलेल्या पोरासारखे.

तू काय सांगितलं असतंस?