सहा स्वच्छ नमुने

“सही करणार नाही म्हणजे नाही,” ती म्हणाली आणि कागद टेबलावरून परत सरांकडे ढकलला.

सर उत्तेजक चाचण्यांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. निवृत्तीला सात महिने उरलेले. आयुष्यभर त्यांनी एकच विद्या साधली होती, कुणाच्या डोळ्यावर न येण्याची. आणि समोर बसलेली ही विश्लेषक, जिला सगळी प्रयोगशाळा पाठीमागे ‘ठिणगी’ म्हणायची, त्या विद्येची माती करायला निघाली होती.

“अगं, दोषी खेळाडूच्या अहवालावर सही करताना माणसं कचरतात. इथे वजन उचलणाऱ्या सहाच्या सहा मुली निर्दोष निघाल्यात. औषधाचा मागमूस नाही. तुझ्या पोटात दुखतंय कुठे?”

“तिथेच दुखतंय. फारच निर्दोष आहेत.”

तिने सहा आलेख एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेवर धरले. उजेड आरपार आला. सहा रेघा असायला हव्या होत्या. एकच दिसत होती.

सरांना समजावून सांगायची गरज नव्हती. प्रत्येक बाईचं शरीर स्वतःचे हार्मोन्स बनवतं आणि त्यांचं आपसातलं प्रमाण प्रत्येकीचं वेगळं असतं. सख्ख्या बहिणींचंही जुळत नाही. इथे सहा जणींचं दशांशापर्यंत जुळत होतं.

“यंत्र धुतलंस?”

“दोनदा. मधे साधं पाणी चालवलं, बाटल्यांचा क्रम उलटा केला. तीच रेघ. आणि हे बघा, सहाही बाटल्यांतल्या लघवीत डोकेदुखीच्या गोळीचा अंश, तोही एकसारखा. सहा पहिलवानिणींचं डोकं एकाच मापानं दुखतं होय सर?” तिने बोटांनी कपाळ दाबलं. “बाटल्या सहा आहेत. बाई एक आहे.”

सरांनी दार लावून घेतलं.

“हळू बोल. क्रीडासंघाच्या सचिवांचे तीन फोन येऊन गेलेत. सोमवारी अहवाल गेला नाही तर मुलींचं जागतिक स्पर्धेचं विमान चुकतं. मग ते आपल्या मान्यतेला हात घालतील. चाळीस माणसं आहेत इथे. आणि तुझी धाकटी बहीण आहे ना त्या संघात?”

“आहे.”

“तरीही?”

“म्हणूनच.” ती पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकली. “गेल्या महिन्यात घरी आली होती. आवाज आमच्या बाबांसारखा झालाय. आठ महिने पाळी नाही. सकाळी न्हाणीघराचं दार लावून दाढी करते. बावीस वर्षांची पोरगी, सर! आणि हा कागद म्हणतो, तिच्या अंगात काही नाही. या कागदावर मी सही करू? उद्या तिचं काळीज बंद पडलं तर हाच कागद तिच्या उशाशी ठेवू?”

सरांनी सहाही आलेख तिच्या हातातून घेतले.

ती गेल्यावर त्यांनी आलेख पुन्हा काचेवर धरले. आजवर त्यांनी किती कागद असेच डोळे मिटून पुढे सरकवले होते, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. दरवेळी चाळीस माणसं आठवायची. ती दाढी करणारी पोरगी मात्र आजवर कुणी त्यांच्या टेबलावर आणून ठेवली नव्हती.

त्यांनी रेघेचा, गोळीचा सगळा तपशील घालून नवा अहवाल स्वतः टाइप केला. ‘सहाही नमुने एकाच व्यक्तीचे. खेळाडूंचे नमुने पुन्हा घ्यावेत.’ खाली दोघांच्या सह्यांची जागा सोडली. आधी स्वतःची सही ठोकली, मग तिला बोलावलं.

तिने वाचलं.

“सर, तुम्ही यात पडू नका. नुसतं माझं नाव राहू द्या.”

“गप्प बस आणि सही कर. आयुष्यात एकदा तरी माझ्या पाठीला कणा आहे असं घरी सांगता येऊ दे.”

तिने दोनदा पेन टेकवून उचललं, मग सही केली. सरांना वाटलं, एवढी धीट पोरगी, पण शेवटी पोरगीच.

सोमवारी सकाळी अकराला सचिव आले. सोबत उत्तेजकांच्या प्रकरणांची चौकशी करणाऱ्या समितीचे दोन सदस्य. सचिवांनी अहवाल वाचला आणि हसले.

“साहेब, निवृत्तीच्या तोंडावर काय हे डोहाळे?”

“विज्ञान आहे ते,” सर म्हणाले. आपला आवाज इतका मोठा आहे हे त्यांना आजच कळत होतं. “ही माझी सर्वांत विश्वासू विश्लेषक आहे. तिच्या शब्दासाठी मी नोकरी पणाला लावतो. लिहून घ्या.”

समितीतल्या बाईंनी खरंच लिहून घेतलं.

“विज्ञान!” सचिवांनी कागद टेबलावर आपटला. “एक रेघ, एक बाई, एक डोकेदुखी. मग ही बाई आहे कुठे? हवेतून आली? साहेब, तुमची ही ठिणगी त्या बाईला माझ्यासमोर उभी करू शकते? नाही ना? मग हे चिटोरं फाडा, नवा कागद आणा आणि पोरींना विमानात बसू द्या.”

सर तिच्याकडे वळले. “सांग त्यांना, ते पोलिसांचं काम आहे म्हणून.”

ती उठली. कपाटातून तिने रिकामी, मोहोरबंद बाटली काढली आणि समितीतल्या बाईंसमोर ठेवली.

“चला माझ्याबरोबर, तुमच्या डोळ्यांदेखत भरून देते. ती बाई मीच. एकट्या धाकटीसाठी म्हणून यांच्या प्रशिक्षकाला माझी लघवी दिली होती, यांनी ती सहा जणींत वाटली.”