न दुखणारी सुई

कुत्रं चावलेला टेकचंद पहिल्या इंजेक्शनाला दवाखान्यात आला, तेव्हा रीता सिस्टरनं त्याला मोठ्या हौसेनं नवी सुई दाखवली. केसासारखी बारीक, आणि टोचून झालं की आपोआप नळीत परत जाणारी. एकाचा रोग दुसऱ्याला लागायची भीतीच नाही.

"झालं?" टेकचंदनं विचारलं. "दुखलं तं नाहीच. औषध गेलं का अंदर, का मजाक करून राहिल्या?"

पुढच्या इंजेक्शनांना तो फिरकलाच नाही. रीता घरी जाऊन रागावली, तर त्यानं हसत दंड पुढे केला. "बाजारातल्या डाक्टरनं टोचली ना जाड सुई. दोन दिवस हात वर होत नव्हता, सिस्टर. त्याले म्हनते इंजेक्शन."

"भाऊ, त्यानं ताकदीचं औषध दिलं असंल. कुत्र्याचं नाही."

"ताकद बी तं पायजेच."

महिन्याभरानं रीताला बोलावणं आलं. पाण्याचा पेला पाहूनच टेकचंदचं अंग आखडत होतं. आता कुठलंच औषध लागू पडणार नाही, हे तिला दारातच कळलं.

त्याच्या बायकोनं, गोदावरीनं, तिचा हात घट्ट धरला.


"सिस्टर, त्या डाक्टरच्या सुईहून जाड सुई नाही का तुमच्यापाशी?"