अंगठाभर उतार

"पाण्याला उतार कुणीकडे देणार?" साहेबांनी विचारलं.

"ते माझ्यावर सोडा," फरशीवाली म्हणाली आणि कागदावरच्या बाथरूमच्या चौकोनात तिने एक बाण काढला. बाणाचं टोक सांडपाण्याच्या जाळीकडे नव्हतं, दाराकडे होतं. साहेबांना नकाशातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

उलटा उतार, तोही अंगठाभर. तेवढा पुरे होता. पाणी जाळीकडे पाठ फिरवून उंबऱ्याखालून थेट बेडरूममध्ये शिरणार होतं. रोज. नुसत्या डोळ्यांना काही दिसलं नसतं, आणि कळेपर्यंत फरशी पक्की झाली असती.

साहेबांनी तिला ओळखलं नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी याच बाथरूमची फरशी बसवायला तिचे बाबा आले होते. काम संपायला एक दिवस उरला असताना साहेबांची अंगठी हरवली. साहेबांनी बाबांना भररस्त्यात उभं केलं, खिसे उलटे करायला लावले, हत्यारांची पिशवी पालथी केली. सगळी गल्ली बघत होती. आठवड्याने अंगठी साहेबांच्याच कोटाच्या खिशात सापडली. ही बातमी कामवालीकडून आली. साहेब काही आले नाहीत.

तिचा राग साहेबांवर होता, तसा बाबांवरही होता. दुसऱ्या दिवशी ते खाली मान घालून त्याच घरी गेले आणि राहिलेली फरशी बसवून आले. "तुम्हाला मनाची नाही, निदान जनाची तरी?" आई कडाडली होती. बाबा एवढंच म्हणाले, "काम अर्धवट सोडू नये." पुढे दीड-दोन वर्षांत त्यांनी बाथरूमची कामं घेणंच सोडलं. अपमान जिव्हारी लागला, असं घरात सगळे म्हणत. त्या घरातल्या एकाच माणसाचं नाव बाबा आदराने काढत. साहेबांच्या बाईंचं. "सोडा हो त्यांना, तो माणूस चोर नाही," असं रस्त्यात येऊन त्या एकट्याच बोलल्या होत्या.

"दार रुंद करा," साहेब म्हणाले. "वॉकर आत जायला हवा."

कुणाचा वॉकर? साहेब तर ठणठणीत होते. तिने चौकटीला टेप लावला. चौकट खालून फुगून कुजली होती. उंबऱ्याशी दोन जुने टॉवेल घड्या घालून दाबले होते. एवढा पैसा आणि ही कळा, तिच्या मनात आलं.

मागून टक टक आवाज आला. वॉकर सरकवत, एक पाय ओढत बाई आल्या. त्यांनी कागदावर नजर टाकली.

"हा बाण पाण्याचा का गं?"

"हो."

"मग नवीन काय केलंस? आत्ताही तस्संच जातं की." त्यांनी मगभर पाणी फरशीवर ओतायला लावलं. पाणी क्षणभर थबकलं. मग जाळीकडे पाठ फिरवून सरळ दाराकडे आलं आणि टॉवेलात शिरलं.

"अडाणी माणूस होता तो," साहेब पुटपुटले.

"तुम्ही गप्प बसा. त्यालाच बोलावून नीट करून घ्या म्हटलं, तर त्याला पुन्हा उंबरा चढू देणार नाही म्हणालात. आजवर दुसऱ्याचा हातही लागू दिला नाहीत. पाणी काय तुम्ही पुसत होतात?" बाई तिच्याकडे वळल्या. "दीड वर्ष पुसलं गं मी. एक दिवस याच पाण्यावर पाय सटकला आणि खुबा मोडला. कळल्यावर तो फरशीवाला आला होता बघायला. दारातच उभा राहिला, आत येईना. एवढा बाप्या माणूस, लहान मुलासारखा रडला. मीच समजूत घातली. म्हटलं, दादा, घाईत चुकला असेल उतार, माणूस आहे."

फरशीवालीने बाण खोडला. इतका जोर लावून, की कागद फाटला. तिने दुसरा कागद घेतला आणि पहिल्यांदा जाळी काढली.

टेप नाही, लेव्हलची नळी नाही, नुसता तळहात टेकवून बाबा फरशीचा उतार सांगायचे. तो उभ्या आयुष्यात एकदाही चुकला नव्हता.