एकच रेघ

"हिंग कोणता वापरता?" योगेशने डबी उचलून विचारलं.

"हिंग तर म्या संक्रांतीपासून बंदच केला, भाऊ," सुभद्रा म्हणाली. "तुमीच सांगतलं होतं ना, त्यात गव्हाचं पीठ रायते म्हणून. ती डबी सासूबाईची जुनी हाय, रिकामी."

योगेशने डबी ठेवली आणि चाळणी पाहिली. चाळणी नवी होती. पोळपाटही नवा. अकोल्यातल्या त्या दोन खोल्यांत शोधूनही गव्हाचा दाणा सापडत नव्हता, आणि तरी सुभद्राचा शुभम वाळत चालला होता. त्याच्या आतड्यांना गहू सोसत नाही, चिमूटभरही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून त्या माउलीने गव्हाला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं.

"भाकरीचं पीठ?"

"तुमी ग्रुपवर सांगतलं तेच. माणिकबाईचं. इथल्याच दुकानातून आणतो आमी." तिने पाकीट पुढे केलं. 'शुद्ध ज्वारी पीठ, ग्लुटेन-फ्री,' वर ज्वारीच्या कणसाचं चित्र. "एकदा हे तपासून पायता का, भाऊ? तुमच्याजवळ ते पट्टी हाय ना?"

योगेशला हसू आलं. "ताई, या पिठावर म्या जेवढ्या पट्ट्या घातल्या, तेवढ्या कशावर नाई घातल्या. दरवेळी एकच रेघ. उगाच एक पट्टी वाया कायले घालवता?"

"मंग लेकराचं पोट कावून थांबून नाई राहिलं?"

"शेजारीपाजारी कोणी बिस्कीट देत असन. नाहीतर तुमचाच हात लागत असन कुठं. जरा लक्ष ठेवा, ताई. आईनंच लक्ष नाई ठेवलं तर कोण ठेवणार?"

सुभद्राने मान खाली घातली. "बरं, भाऊ," एवढंच म्हणाली.

योगेशला वाईट वाटलं, पण खरं बोलायला तो कुणाच्या बापाला भीत नसे. आणि या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे शब्द होता. अमरावतीत वीज कंपनीत नोकरी करणारा हा माणूस. त्याच्या प्राजक्तालाही हीच व्याधी. एकदा लेबलावर विश्वास ठेवून त्याने तिला एका नामांकित कंपनीची बिस्किटं दिली आणि पोरगी दवाखान्यात गेली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. योगेश तर ताकाची परीक्षाच घेऊ लागला. त्याने तपासणीच्या पट्ट्या मागवल्या. चिमूटभर पीठ औषधाच्या पाण्यात हलवायचं, पट्टी बुडवायची. एक रेघ आली तर माल चोख, दोन आल्या तर गहू आहे.

दोन रेघा भल्याभल्यांच्या आल्या. चकचकीत पाकिटं, इंग्रजी नावं, आणि आत नाव मोठं लक्षण खोटं. योगेश प्रत्येक पट्टीचा फोटो 'गहूबंद' ग्रुपवर टाकायचा. अमरावती-अकोल्याची कितीतरी घरं त्याचा निकाल पाहून किराणा भरायची. दरवेळी एकाच रेघेवर उतरलं ते एकटं मूर्तिजापूरच्या माणिकबाईंच्या बचत गटाचं पीठ. आपल्या मातीतल्या बाया शहरी कंपन्यांना भारी पडल्या, याचा योगेशला कोण अभिमान!

त्याच्या घराजवळचे दुकानदार वामनराव हे माणिकबाईंचे धाकटे भाऊ. योगेशचा फोटो ग्रुपवर पडला की पाकिटं हातोहात संपत. पण वामनराव त्याचं पाकीट आत राखून ठेवत. "तुमचं वेगळं काढून ठेवलं, योगेशभाऊ," म्हणत हातात देत. प्राजक्ता त्या भाकरीवर सुधारली. गालावर लाली आली, यंदा शाळेत धावण्यात पहिली आली. ते पदक योगेशने आल्या-गेल्या प्रत्येकाला दाखवलं होतं.

म्हणूनच अकोल्याहून परतताना तो मूर्तिजापूरला उतरला. पिशवीत शाल होती, श्रीफळ होतं. माणिकबाईंच्या अंगणात गटाच्या बाया सतरंजीवर बसल्या होत्या. योगेशने म्हाताऱ्या माणिकबाईंच्या खांद्यावर शाल घातली, पाया पडला आणि मग त्याला बोलल्याशिवाय राहवेना.

"मोठमोठ्या कंपन्या छापतात एक अन् विकतात एक. छापलेल्या शब्दाले जागणारी अख्ख्या वऱ्हाडात ही एकच माउली म्या पाहिली. माही पोरगी तुमच्यामुळं धावते, मावशी!"

बायांनी टाळ्या वाजवल्या. योगेशने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : 'हे पीठ डोळे झाकून घ्या. माझी हमी.' लगेच कोणी फुलं पाठवली, कोणी टाळ्या. सुभद्राने हात जोडले होते. खाली लिहिलं होतं, 'चूक माझीच असन, भाऊ. आता शुभमले याच पिठाची भाकर तिन्ही टाइम देते.'

माणिकबाईंनी शालीच्या टोकानं डोळे पुसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांचा असा मान केला होता. त्या ताठ बसल्या.

"तुमच्या पोरीसाठी जीव ओतला म्या, बापू," त्या अभिमानानं म्हणाल्या. "वामन बोलला, लेकराले गव्हाची धूळ बी सोसत नाई. तवापासून तुमचं पाकीट म्या येगळं ठेवलं. घरच्या जात्यावर, माह्या हातानं दळते. बाकीचे गिऱ्हाईक काय, शुगरवाले लोक. त्यायचं आपलं चक्कीवर, गव्हाचं दळण निघालं का त्याच्यावरच ज्वारी टाकतो."