राहिलेला डायलॉग

शिक्षण होईपर्यंत आपल्याला कुणी बघायला यायचं नाही, असं राजनंदिनीनं घरात बजावून ठेवलं होतं. म्हणूनच तिच्या धाकट्या भावानं, गोकुळनं, कॉलेजच्या फिल्मसाठी तिलाच गळ घातली. बघायला आलेल्यांना तोंडावर नाही म्हणणाऱ्या मुलीची फिल्म होती ती.

"तुझ्यासारखं ठणकावून नाय म्हणणारी दुसरी कोण हाय, ताई?"

ती हरखली. शूटिंग बिडकीनच्या घरीच ठरलं. पाहुण्यांचं काम करायला सिल्लोडची नाटकवाली मंडळी बोलावलीत, असं गोकुळ म्हणाला. ठरल्याप्रमाणे ती पदर सावरत चहा घेऊन आली, खाली मान घालून बसली, नाव-शिक्षण सांगितलं. मुलाच्या आईनं तिला चालायला लावलं, भाकरी येतात का विचारलं आणि निघताना कुंकू लावून ओटीत नारळ घातला. इतकं हुबेहूब, की राजनंदिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. बाई लई कसलेली दिसते, असंही तिला वाटून गेलं. नकाराचा डायलॉग तेवढा मागाहून, तिच्या एकटीचा, जवळून घ्यायचा होता.

मंडळी गेली तशी नारळ बाजूला ठेवून ती कॅमेऱ्यापुढं ताठ उभी राहिली.

"घे आता. अन् ते झाकण काढ की आधी."

लेन्सवरचं झाकण सकाळी लावलेलं, ते तसंच होतं. गोकुळनं ते काढलं नाही. मान वर न करता तो स्टँड मिटू लागला.

"आता कशाला, ताई? पसंत पडलीस तू त्यांना."